नाईटच्या एका तासाचे साडेबारा रुपये

मी खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. परवा नाईट करून घरी आले आणि झोप येईना, म्हणून पगाराची स्लिप आणि मुलाची वही घेऊन बसले. नोकरीला सतरा वर्षं झाली, पण आपला पगार तासावर मोडून मी कधी बघितला नव्हता. लग्नाच्या बैठकीत, भिशीत, बँकेत, सगळीकडे महिन्याचा आकडा विचारतात. तासाचा कुणीच विचारत नाही.

आठवड्याचे ४८ तास म्हणजे महिन्याचे २०८. माझा पगार ३८,०००, म्हणजे तासाला १८२ रुपये. पण अर्धा तास आधी येऊन ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंटची सगळी माहिती, घ्यायची, सुटल्यावर अर्धा तास थांबून ओव्हर द्यायची, हा रोजचा एक तास कुठेच मोजलेला नाही. तो धरला की १६२.

गेल्या महिन्यात आमच्या आयसीयूत लागलेल्या मुलीला २४,००० आहेत, तासाला ११५. तिलाही ते कमीच आहेत, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या दोघींत तासाला ६७ रुपयांचा फरक, आणि मधे सतरा वर्षं. वर्षाला चार रुपये पडले.

या चार रुपयांत काय येतं ते सांगते. ऑपरेशन होऊन आलेला पेशंट पहाटे तीनला तळमळतोय, मास्क ओढतोय, शिव्या देतोय. नवीन मुलीला वाटतं, झोपेचं इंजेक्शन विचारून घ्यावं. मी पण २००८ साली सोलापुरात, तीस बेडच्या हॉस्पिटलमध्ये, ४,५०० रुपये पगारावर आणि ओरिजिनल सर्टिफिकेट ऑफिसात जमा करून काम करत होते, तेव्हा हेच केलं असतं. तिथल्या इनचार्ज सिस्टरनी हात धरला होता. म्हणाल्या, "अगं, तळमळणाऱ्या माणसाला आधी झोपवायचं नसतं, आधी त्याचा श्वास मोजायचा." आज मी श्वास मोजते, युरिन बॅग बघते, डॉक्टरांना उठवते, एबीजीला, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन तपासायला, रक्त काढून ठेवते. हे कुठल्या परीक्षेत मिळत नाही. ते वर्षं घालवूनच येतं, आणि स्लिपवर त्याचा रकाना नाही.

दिवाळीनंतर आईला दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं होतं. डिस्चार्जच्या वेळी बिल हातात आलं आणि मी नर्स म्हणून ते पहिल्यांदा नीट वाचलं. 'नर्सिंग चार्जेस' अशी वेगळी ओळ होती. जनरल वॉर्डात दिवसाला ५००, दोन बेडच्या खोलीत ८००, आयसीयूत १,८००. म्हणजे आयसीयूतलं नर्सिंग जास्त कौशल्याचं असतं, हे हॉस्पिटलला चांगलं कळतं. पेशंटकडून ते साडेतीन पटीपेक्षा जास्त वसूल होतं. माझ्या स्लिपवर मात्र आयसीयू अलाउन्स आहे महिन्याला १,०००. तासाला पाच रुपये सुद्धा नाहीत. आणि ५०० चे ८०० कशाने झाले? त्या मजल्यावर एकच सिस्टर, तीच गोळ्या देत होती, तीच सलाईन बदलत होती, इकडेही आणि तिकडेही. खोली बदलली तर नर्सिंगचा दर बदलतो, पण नर्स बदलली, सहा महिन्यांची जाऊन पंधरा वर्षांची आली, तर बदलत नाही.

मला माहीत आहे, त्या पैशातून सुट्टीवर जाणाऱ्यांच्या जागी रिलिव्हर, इनचार्ज, मेट्रन असं बरंच भागवायचं असतं. सगळे १,८०० सिस्टरच्या हातात द्या असं मी म्हणत नाही. पण ज्या कारणाने पेशंटला जास्त पैसे लावता, त्याच कारणाने आम्हाला जास्त द्यायला काय हरकत आहे?

आता नाईट. आमच्याकडे रात्री आठ ते सकाळी आठ. एका नाईटचे पगाराच्या वर १५० रुपये. बारा तासांनी भागले की साडेबारा. माझ्या बॅचची एक मैत्रीण इंग्लंडमध्ये लेस्टरला एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे. तिच्याकडे रात्री आठ ते सकाळी सहा या प्रत्येक तासाला ३० टक्के जास्त मिळतात, रविवारी आणि सणाच्या सुट्टीला ६० टक्के. पौंडाचे रुपये करून बघू नका, तिथलं घरभाडं ऐकलं तर पोटात गोळा येईल. टक्के बघा. माझ्या १८२ वर ३० टक्के म्हणजे तासाला ५४ रुपये झाले असते. शिवाय बँड फाइव्ह, म्हणजे तिथल्या साध्या स्टाफ नर्सच्या श्रेणीत, सुरुवातीला वर्षाला ३१,०४९ पौंड आणि चार वर्षांनी ३७,७९६, हे २०२५-२६ चे आकडे कुणालाही बघायला मिळतात. तिला केबिनबाहेर उभं राहून पगारवाढ मागावी लागत नाही.

सरकारीत सगळं बरं आहे असं समजू नका. राज्याच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं, दरवर्षी वाढ. तिथे अनुभवाला किंमत आहे. पण माझी भाची जिल्ह्याच्या ठिकाणी कंत्राटी आहे, महिना २०,०००, तासाला ९६. ती म्हणते, "आत्या, एकाच वॉर्डात, एकाच ड्युटीला मी आणि कायम सिस्टर असतो. डिलिव्हरी मी करते तरी पेशंटला काय फरक कळतो?" जुलै २०२५ मध्ये सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा वेतनातल्या त्रुटी आणि कंत्राटी भरती हेच मुद्दे होते. केंद्र सरकारकडे तर ऑपरेशन थिएटर भत्ता सातव्या वेतन आयोगानंतर ३६० वरून ५४० झाला. महिन्याला. म्हणजे दिवसाचे १८ रुपये.

खाजगीसाठी काहीच ठरलेलं नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत समिती नेमायला सांगितली होती आणि त्या समितीने स्पष्ट शिफारस केली: २०० पेक्षा जास्त बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० बेडना फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० ना फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्यांनीही किमान २०,००० द्यायचे. आमचं हॉस्पिटल १५० बेडचं आहे. भत्ते सोडून नुसत्या ३५,४०० मधून दहा टक्के काढले तरी ३१,८६० होतात, आणि नवीन मुलीला २४,०००. केरळमध्ये नर्सेस एकत्र आल्या, संपाची तयारी केली, तेव्हा २०१८ मध्ये सरकारने किमान वेतन २०,००० केलं. आमच्या वॉर्डातल्या मल्याळी सिस्टर हे अभिमानाने सांगतात आणि मला दर वेळी वाटतं, आपण का नाही?

म्हणून सोमवारी आम्ही अकरा जणींनी सही करून ऑफिसात अर्ज दिला. नाईटचा दर टक्क्यात ठरवा. आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू), ऑपरेशन थिएटर आणि डायलिसिसचा भत्ता ड्युटीगणिक द्या. तीन, पाच आणि दहा वर्षं झाली की किती वाढ मिळेल ते लेखी द्या, लागतानाच्या पत्रातच. ओव्हरचा तास ड्युटीत धरा. अर्ज मिळाल्याचा इनवर्डचा शिक्का मारून घेतलाय, एक कॉपी माझ्याकडे आहे.

अजून कुणी बोलावलेलं नाही. आज परत नाईट आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.