मत मिळालं कुणाला, गेलं कुणाचं

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी शंभर प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. स्वयंपाक करताना नवरा एकेक प्रश्न विचारायचा आणि मी कणीक मळत उत्तरं द्यायचे. त्यातला एक प्रश्न असा: मतदान कोण करू शकतं याबद्दल राज्यघटनेत चार दुरुस्त्या आहेत, त्यांपैकी एक सांगा. मी चारही पाठ केल्या होत्या. १८७० ची कृष्णवर्णीय पुरुषांसाठी, १९२० ची बायकांसाठी, १९६४ ची मतासाठी कर भरायची अट काढणारी, १९७१ ची अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी. मुलाखतीत हा प्रश्न आलाच नाही. पण त्या घोकंपट्टीतून माझी एक समजूत पक्की झाली, की सुरुवातीला मोजक्यांना मत होतं आणि मग हळूहळू एकेकाला मिळत गेलं.

ही समजूत चुकीची होती. आणि मी जिथे राहते त्या न्यू जर्सीचाच इतिहास वाचताना ते कळलं, म्हणून जास्त लागलं.

इथल्या १७७६ च्या राज्यघटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होतं. त्यात पुरुष हा शब्दच नव्हता. १७९७ च्या निवडणूक कायद्यात तर मतदाराचा उल्लेख ‘तो किंवा ती’ असा आहे. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता नसायची, त्यामुळे मत द्यायला जायच्या त्या विधवा आणि अविवाहित. मालमत्ता असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीयही मत देत. मग १८०७ साली विधिमंडळानं कायदा केला, की कर भरणारा गोरा पुरुष तेवढा मतदार. पन्नास पौंड नसलेल्या गोऱ्या कारागिराला मत मिळालं आणि त्याच कायद्यानं बायकांचं आणि कृष्णवर्णीयांचं काढून घेतलं. बायकांना ते परत मिळायला १९२० उजाडलं. एकशे तेरा वर्षं!

शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये १८२१ साली, राजधानी ऑल्बनीला, राज्यघटना बदलण्यासाठी परिषद भरली, तिथलं वाचून तर मला झोप लागली नाही. तोवर तिथे गव्हर्नर आणि राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे वरिष्ठ सभागृहासाठी, मत द्यायचं तर शंभर पौंडांची जमीन लागायची. जेम्स केंट नावाच्या नामांकित न्यायाधीशानं ही अट निदान सिनेटपुरती तरी ठेवा म्हणून जीव तोडून भाषण केलं. तो हरला. कर भरणारा, मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलात, हजेरी लावणारा, रस्त्याच्या कामावर राबणारा असा बहुतेक प्रत्येक गोरा पुरुष मतदार झाला. पण मसुद्यात ‘गोरा’ हा शब्द होता, आणि तो काढा म्हणून पीटर ऑगस्टस जे नावाचे प्रतिनिधी उभे राहिले. ६३ विरुद्ध ५९ मतांनी तो शब्द निघालाही! मग तडजोड म्हणून नवी अट आली: कृष्णवर्णीय पुरुषाला मत हवं असेल तर त्याच्याकडे अडीचशे डॉलरची जमीन हवी. गोऱ्या माणसासाठी जी अट अन्यायाची म्हणून काढली, तीच कृष्णवर्णीयाच्या गळ्यात घातली. कृष्णवर्णीय मतदार बहुतेक फेडरलिस्ट पक्षाला मत देतात हा हिशेब त्या पक्षाचे विरोधक मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या गटाला पक्का ठाऊक होता.

ही अट काढावी का, असं नंतर न्यूयॉर्कच्या मतदारांनाच तीनदा विचारलं गेलं. १८४६, १८६० आणि १८६९ साली. तिन्ही वेळा बहुमतानं ‘नको’ म्हटलं. त्या बहुमतात असे कितीतरी असतील, ज्यांच्या बापाला किंवा आजाला १८२१ मुळेच मत मिळालं होतं. मला सगळ्यात जास्त हे बोचतं.

मी त्या सामान्य गोऱ्या माणसाला कमी लेखत नाही. १८२४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सामान्यांचा लाडका अँड्र्यू जॅक्सन याला सर्वाधिक मतं पडूनही कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हतं, आणि प्रतिनिधिगृहानं त्याचा प्रतिस्पर्धी जॉन क्विन्सी ॲडम्सला अध्यक्ष केलं. तो राग खराच होता. चार वर्षांनी मतांचा आकडा साडेतीन लाखांवरून अकरा लाखांच्या वर गेला आणि जॅक्सन जिंकला. सभा, मिरवणुका, गावोगावची वर्तमानपत्रं, हे सगळं तेव्हाच बहरलं. ४ मार्च १८२९ ला शपथविधीनंतर व्हाइट हाऊसमध्ये एवढी गर्दी घुसली, की जॅक्सनला तिथून निघून जावं लागलं. चिखलाच्या बुटांनी अध्यक्षाच्या घरात शिरलेल्या त्या माणसांचा आनंद मला समजतो. आपल्या मतानं माणूस निवडून आला, हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवलं होतं.

पण पुढच्याच वर्षी, १८३० मध्ये, त्याच लोकप्रिय अध्यक्षानं इंडियन रिमूव्हल कायद्यावर, म्हणजे मूळ रहिवासी जमातींना पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर, सही केली. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा काठावर पास झाला होता. त्यांपैकी चेरोकी जमातीनं तोवर स्वतःची लेखी राज्यघटना केली होती, स्वतःच्या लिपीत वर्तमानपत्र काढलं होतं. १८३८ ला त्यांना सैन्यानं घराबाहेर काढून पश्चिमेला हाकललं, आणि सुमारे चार हजार माणसं त्यात मेली. म्हणून या काळाला कुणी सरसकट ‘सामान्य माणसाचं युग’ म्हणालं, की मी विचारते, कुठला सामान्य माणूस?

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावाला लागूनच मेटचन आहे. तिथे १८२४ मध्ये, जॅक्सन पहिल्यांदा अध्यक्षपदासाठी उभा राहिला त्याच वर्षी, थॉमस मंडी पीटरसन जन्मले. पुढे ते पर्थ अँबॉयच्या शाळेत देखभालीचं काम करत. ३१ मार्च १८७० ला त्या गावाच्या सनदेबद्दल मतदान होतं, आणि पंधराव्या, म्हणजे त्या १८७० च्याच, घटनादुरुस्तीनंतर मत देणारे ते देशातले पहिले कृष्णवर्णीय ठरले. १८०७ ला गेलेलं मत या राज्यात त्रेसष्ट वर्षांनी असं परत आलं. गावानं नंतर त्यांना सोन्याचं पदक दिलं. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या आठवड्यात मी मुलीला घेऊन पर्थ अँबॉयला गेले. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे उभं राहून मी तिला आधी १८०७ ची गोष्ट सांगितली, मग १८७० ची.