मार्शलसाहेबांचं पदक घेताना

सोव्हिएत पदकं जमवायचं मनावर घेतलंय ना? मग महायुद्धानंतरच्या स्वस्त पदकांत हात घालू नका. ती इतकी आहेत की त्यांची नक्कल करणं कुणाला परवडत नाही, मग मजा कसली? तुम्ही थेट २४ जानेवारी १९३८ला जाहीर झालेलं ‘लाल सेनेची वीस वर्षं’ हे पदक घ्या. चांदीचं, ३२ मिलिमीटरचं, पुढे लाल मिन्याचा तारा, खाली मुलामा दिलेलं रोमन वीस, मागे बंदूक झाडणारा सैनिक. दिली गेली सदतीस हजारांच्या आसपास. मॉस्कोच्या इझमायलोवो बाजारातली टेबलं पाहिलीत, तर त्यातलं एकही हरवलेलं नाही अशी तुमची खात्री पटेल.

पदकाआधी गोष्ट विकत घ्या. ‘लाल ध्वज’सारख्या सन्मानांवर क्रमांक असतो. तो पोदोल्स्कच्या लष्करी अभिलेखागारातल्या नोंदींशी ताडता येतो आणि मग विक्रेत्याचे कर्नल आजोबा भलत्याच माणसाचे निघतात. या पदकावर क्रमांकच नाही. म्हणजे कुठलेही आजोबा चालतात. मग कर्नलवर का थांबायचं? मार्शल मागा, मिळेल.

फक्त मार्शल कोण, हे विचारू नका. १९३५मध्ये नेमलेल्या पाच मार्शलांपैकी तुखाचेव्हस्कीला पदक निघण्याच्या आधीच, जून १९३७मध्ये, स्टालिनच्या राजवटीने गोळी घातली होती. पहिल्या ‘लाल ध्वज’चा मानकरी ब्लुखेर १९३८च्या नोव्हेंबरात कोठडीत मेला, येगोरोव्हला १९३९मध्ये संपवलं. वीस वर्षांच्या निष्ठेचं पदक वाटलं जात होतं ते नेमकं निष्ठावंतांना रात्री उचलून नेण्याच्या हंगामात. आणि अटक झाली की छातीवरची पदकंही जात. हे सगळं विक्रेत्याला सांगून त्याचा विरस करू नका. बिचाऱ्याने आजोबांना नुकतंच बढती देऊन मार्शल केलंय.

आता तपासणी. भिंग घरीच ठेवा, हातच्या कांकणाला आरसा कशाला? भिंगातून काय दिसणार, तर ओतीव धातूतली बारीक भोकं, साबणासारखी गुळगुळीत झालेली अक्षरं, आणि ठशाखाली छापलेल्या पदकाला असते ती धार नसलेली सैनिकाची बंदूक. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून अस्सलवरून साचा काढलेली नक्कल केसभर लहान भरते. तेव्हा मोजपट्टीही नको. मिन्याला सुई टोचून पाहणं तर निव्वळ असभ्यपणा. भट्टीत भाजलेला मिना काचेसारखा असतो, सुईला दाद देत नाही. नकलेवरच्या रेझिनमध्ये ती रुतते आणि मग दोघांनाही ओशाळं वाटतं. चांदीची कस मात्र जरूर लावा. नकलाही चांदीच्याच ओततात, त्यामुळे निकाल नेहमी आनंदाचा येतो.

लटकनीचं काय? मूळ पदक लाल फितीच्या चौकोनी पट्टीला टांगलेलं असे आणि मागच्या स्क्रूने अंगरख्यावर बसे. जून १९४३मध्ये नियम बदलला. पंचकोनी पट्टी आली आणि फीत करडी झाली, लाल काठांची. चौकोनी पट्टीला भाव जास्त, म्हणून पंचकोनी पदकांना हल्ली तारुण्य परत मिळतं. पदकावर गंधकाचा काळपटपणा, पट्टी कोरी, स्क्रूची चक्री कालपरवाची: या तिघांची वयं विचारू नका. विश्वास पानिपतात गेला असं म्हणणाऱ्यांना संग्राहक म्हणत नाहीत.

कुणी कायद्याची भीती घालेल. रशियात सोव्हिएत राज्याच्या पदकांची खरेदी-विक्री फौजदारी संहितेच्या कलम ३२४खाली येते, हे खरं. तुम्ही ती मोफत तज्ज्ञसेवा समजा. परतताना विमानतळावर पदक खुशाल पुढे करा. अस्सल असेल, तर जप्त होईल आणि तुमचा मुक्काम लांबेल. अधिकाऱ्याने निरखून, हसून परत दिलं, तर पुढच्या खेपेला त्याच विक्रेत्याकडून मार्शलसाहेबांचं प्रमाणपत्र घ्या. तोवर त्याची शाई वाळलेली असेल.