फवारणाऱ्या हाताला परवाना हवा

देवगडकडच्या आमच्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेत तणनाशकावरून चांगलीच वादावादी झाली. एका बाजूची मागणी, गावाच्या हद्दीत तणनाशकाला पूर्ण बंदी घाला. दुसऱ्या बाजूचा सवाल, मग बागेतलं रान काढायला माणसं आणायची कुठून? चुलतभावाने फोनवर सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या अमेरिकेत तर सगळे मारतात ना?"

मारतात. मी स्वतः न्यू जर्सीत त्याच धंद्यात आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली, आणि आज लोकांच्या घरापुढची लॉन सांभाळणाऱ्या एका कंपनीत फवारणीचं काम पाहतो. म्हणूनच या वादात मला बोलायचं आहे. बंदी की मोकळीक, एवढ्यावरच गाव अडून बसलंय. पंप कोणाच्या पाठीवर आहे आणि त्याला काय शिकवलंय, हे कोणी विचारतच नाही.

इथे नुसतं गवत कापायचं असेल तर यंत्र घ्या आणि धंदा सुरू करा, फवारणीचा परवाना कोणी मागणार नाही. पण त्याच गिऱ्हाइकाने "तेवढं तण पण मारून द्या" म्हटलं, आणि तुम्ही पैसे घेऊन औषध मारलं, की राज्याच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. धंद्याचा वेगळा, फवारणाऱ्याचा वेगळा. आधी सर्वांना सारखी असलेली मूलभूत परीक्षा, मग ज्या प्रकारचं काम करायचं त्याची. लॉनसाठीचा प्रकार '३ बी'. डब्यावरचं लेबल कसं वाचायचं, किती पाण्यात किती औषध, वारा असताना काय करायचं, अंगावर सांडलं तर काय, हे सगळं त्यात येतं. तणनाशक मिसळलेलं खत टाकायचं असलं तरी हाच नियम. परवान्याची मुदत चालू ठेवायची तर ५ वर्षांच्या चक्रात ठरलेले प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. आणि फवारलेल्या लॉनवर आम्ही छोटी पाटी रोवतो, म्हणजे मुलं आणि कुत्री तिकडे जाणार नाहीत.

नुसत्या खतालाही इथे शिस्त आहे. बार्नेगॅट बे नावाची मोठी खाडी लॉनवरून वाहून येणाऱ्या खतामुळे बिघडत चालली होती. त्या पार्श्वभूमीवर २०११ मध्ये राज्याने कायदा केला, आणि पैसे घेऊन खत टाकणाऱ्यांनाही प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवणं सक्तीचं झालं. विजयदुर्गची खाडी डोळ्यासमोर असलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

इथली मोठी फट सांगायलाच हवी. घरमालक दुकानातून बाटली आणून स्वतःच्या अंगणात मारणार असेल, तर त्याला परीक्षा नाही की परवाना नाही. पण जो रोज, दुसऱ्यासाठी, पोटासाठी मारतो त्याला कायद्याने वेगळं काढलंय, आणि ते बरोबर आहे. कॅलिफोर्नियातला ड्वेन जॉन्सन शाळांच्या मैदानांवर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचा, औषधाने दोनदा भिजला होता, पुढे त्याला कर्करोग झाला. २०१८ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने २८.९ कोटी डॉलरचा निकाल दिला; वरच्या न्यायालयांत ती रक्कम बरीच खाली आली. ग्लायफोसेटने कर्करोग होतो का, यावर जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था आणि अमेरिकेची पर्यावरण संस्था यांचं आजही एकमत नाही. पण सगळ्यात जास्त औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर येतं, याबद्दल दुमत नाही.

आता आपल्याकडे बघा. जुलैत गावी गेलो की हेच चित्र दिसतं: पाठीवर पंप, अंगात बनियन, पायात काही नाही. औषध मोजायचं माप म्हणजे बाटलीचं झाकण. मजुरी पंपामागे, म्हणजे जितके पंप जास्त तितके पैसे जास्त. काम झालं की पंप व्हाळात, म्हणजे ओढ्यात, धुवायचा. खाली तोच व्हाळ कोणाच्या तरी विहिरीच्या कडेने जातो.

यात एक गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर बागांच्या कडेला टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी उगवते, आणि बायका ती भाजीसाठी खुडून नेतात. ग्लायफोसेट मारल्यावर पान लगेच करपत नाही, पिवळं पडायला काही दिवस जातात. तोवर टाकळा हिरवागार, कोवळा दिसतो. फवारणी झाली आहे हे सांगणारी साधी काठी-फडक्याची खूणही तिथे नसते. भाजी खुडणाऱ्या बाईला कळावं तरी कसं?

मातीचंही तसंच. ग्लायफोसेट आपल्या लोहयुक्त तांबड्या मातीला घट्ट धरून बसतं, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण उतारावरचं गवत मुळासकट मेलं की माती धरून ठेवणारंच काही उरत नाही, आणि कोकणातल्या पावसात ती औषधासकट खाली येते. सपाट लॉनसाठीचं गणित डोंगरउतारावरच्या कलमांच्या बागेला लागू होत नाही, हे फवारणाऱ्याला कोणीतरी शिकवायला हवं.

सरकारने काही केलं नाही असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावं. कागदावर हे अमेरिकेपेक्षा कडक आहे. पण तो परवाना मिळवायला कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी हवी, आणि वर म्हैसूर, हापूड, हैदराबाद अशा ठिकाणच्या संस्थांचं प्रशिक्षण हवं. शहरात वाळवीचं काम करणाऱ्या कंपन्यांना हे जमतं. आमच्या वाडीत सातवी शिकलेला आणि चार बागा सांभाळणारा माणूस तिथवर कधी पोचणार? जो परवाना गावात कोणालाच मिळू शकत नाही, त्याने सगळे फक्त बेकायदा ठरतात. सुरक्षित कोणीच होत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हे. पण पंप पाठीवर घेणारी माणसं अशीच होती, न शिकवलेली.

भावाला हे सांगितलं तर तो उसळला. "आमका लायसन कित्याक होया? पंप मारूक शाळा लागता?"

लागते रे दादा, पण दोन-तीन दिवसांची. तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात, मराठीत, प्रत्यक्ष पंप हातात देऊन. परीक्षा तोंडी. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचा अर्थ, विहिरीपासून आणि व्हाळापासून किती लांब राहायचं, पंप कुठे धुवायचा, फवारलेल्या जागी खूण कशी लावायची. पास झाला की ओळखपत्र, फी नाममात्र. स्वतःच्या बागेत मारणाऱ्याला सक्ती नको, पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत मारणाऱ्याकडे ते असलंच पाहिजे. पॅराक्वाट या तणनाशकासारख्या विषाला मात्र ही सवलत नको. त्यावर उतारा नाही. अमेरिकेत ते परवानाधारकाखेरीज कोणी हाताळूही शकत नाही, त्याच्या देखरेखीखालीसुद्धा नाही.

आणि सुरुवात गरीब बागायतदारापासून करू नये. किनाऱ्यावर रिसॉर्ट आणि मुंबईकरांची फार्महाऊसं उभी राहिली आहेत, त्यांच्यापुढे लॉन आली, लॉन सांभाळणारे ठेकेदार आले. त्यांच्याकडे पैसा आहे, लेखी करार आहेत. ओळखपत्र असलेला माणूसच फवारेल, ही अट त्या करारात आजही घालता येते, त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची गरज नाही. माणसाला शिकवायचा खर्च ठेकेदाराने करावा आणि बिलात लावावा. आम्ही इथे तेच करतो, आणि गिऱ्हाईक तो देतं.