भाचीच्या अर्जाआड आलेला संदेश

खानापूरच्या माझ्या भाचीने बी. ए.ला समाजशास्त्र घ्यायचे ठरवले आणि दोनच दिवसांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फिरता संदेश येऊन पडला. हे शास्त्र परक्यांनी कुटुंबे मोडण्यासाठी काढले, शहाण्या माणसाला ठाऊक नाही असे त्यात काहीच नाही आणि आपल्या लोकांनी नुसती नक्कल केली, असे त्यात ठासून सांगितले आहे. भाचीचा अर्ज अडला आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला आरोप निखालस खोटा आहे. या शास्त्राचे ‘सोशिऑलॉजी’ हे पाश्चात्त्य नाव रूढ केले ते ओग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने, १८३८च्या सुमारास. आणि समाजाचे मूळ एकक व्यक्ती नसून कुटुंब आहे, असे त्यानेच मांडले होते.

‘शहाण्याला ठाऊकच असते’ हे वाक्य मात्र खरे घातक आहे, कारण ते शिकण्याची वाटच बंद करते. बेळगावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे कन्नड अज्जा-अज्जी नात्याने मामा-भाची आहेत. मोठ्या बहिणीची मुलगी करून घेणे त्यांच्याकडे रीतीचे. माझी आई ते ऐकून कानांवर हात ठेवते, पण भावाची मुलगी सून म्हणून आणायला तिची केव्हाही तयारी होती. आता यांतले शहाणपण कोणाचे मानायचे? इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात हेच उलगडले आहे: उत्तरेत मामेबहीण ही बहीणच, दक्षिणेत अनेक जातींत मामा-भाचीचेही लग्न मान्य, आणि या दोहोंच्या मधल्या महाराष्ट्रात मामाची मुलगी चालते, आत्याची बहुधा नाही. आईने कानांवर ठेवलेले हात ही तिने विचारांती घेतलेली भूमिका नव्हे. ती रीत तिच्या जन्माआधीपासून होती आणि मोडू पाहणाऱ्याला तिचा काच जाणवतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने १८९५मध्ये ‘सामाजिक तथ्य’ म्हटले ते यालाच.

नक्कलेच्या आरोपात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. इंग्रजांनी येथील समाजाची मोजदाद राज्य चालवण्यासाठी केली आणि १९०१च्या जनगणनेत तिचा प्रमुख अधिकारी रिस्ले याने जातींची उच्चनीच उतरंड लावली. परंतु १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी त्याच रिस्लेची जातीची व्याख्या अपुरी ठरवली आणि जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात दाखवून दिले.