चौथ्या सीटवरचा आयकॉन

फोनची होम स्क्रीन लावायला आपण बसतो रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, पलंगावर लोळत, फोन दोन्ही हातांत धरून. मीही त्यातलाच. पहिली चूक इथेच होते, कारण ती स्क्रीन वापरायची असते सोमवारी सकाळी पावणेनऊला, चर्चगेट फास्ट लोकलमध्ये. एक हात वरच्या कडीला, सॅक पोटावर, आणि हलवता येईल असा अंगात एकच अवयव उरलेला: उजवा अंगठा. साडेसहा इंची स्क्रीनवर हा अंगठा आरामात पोचतो तो खालच्या अर्ध्यापर्यंत. वरचा डावा कोपरा त्याच्यासाठी डहाणूइतका लांब.

आणि आपण लाडकी अ‍ॅप्स ठेवतो कुठे? वरच्या डाव्या कोपऱ्यात. वाचायची सवय डावीकडून उजवीकडे, त्यामुळे पहिला नंबर तिथला. आयफोनवाल्यांना तर दुसरा पर्यायच नव्हता. २००७ सालच्या पहिल्या आयफोनपासून २०२४ मध्ये आयओएस १८ येईपर्यंत आयकॉन वरून रांगेत भरत यायचे. मधे जागा मोकळी सोडली की मागचे सरकून ती भरून काढायचे. सतरा वर्षं 'पुढे सरका, पुढे सरका'. आता खालच्या दोन ओळी भरून वरचं मैदान मोकळं ठेवता येतं. अँड्रॉइडवर ही सोय पहिल्यापासून आहे, पण वापरतो कोण!

कृती सांगणारे सुरुवात एका वाक्यात उरकतात: रिकाम्या जागी बोट दाबून धरा. मुंबईत राहणाऱ्याला हे सांगायचं? पान भरलेलं असलं की दोन आयकॉनांमधली फट दाबूनही उपयोग होत नाही, कारण प्रत्येक चौकटीची हद्द शेजारच्या चौकटीला भिंतीला भिंत लावून असते. तुमच्या बोटाखाली कुठलातरी आयकॉनच येतो. उपाय दोन. एकतर शेवटच्या पानावर जा, तिथे सहसा वस्ती विरळ असते; नाहीतर, बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर चालतं तसं, दोन बोटांनी स्क्रीनला चिमटा काढा. मग खाली वॉलपेपर, विजेट (म्हणजे होम स्क्रीनवरच माहिती दाखवणारी चौकट) आणि सेटिंग हे तिघं उगवतात.

आता एक आयकॉन दुसऱ्या पानावरून पहिल्यावर आणायचा आहे. तो दाबून उचलता, स्क्रीनच्या कडेला नेता आणि पान उलटायची वाट बघता. जरा लवकर सोडलात तर तो तिथेच कडेला बसतो. जरा उशीर केलात तर पान एकदा नाही, दोनदा उलटतं. दरम्यान बोट ज्या आयकॉनवरून गेलं तो बिचारा बाजूला होतो, त्याच्या बाजूचा त्याच्या बाजूला. आणि एखाद्याच्या बरोबर डोक्यावर क्षणभर थांबलात की दोघांचा फोल्डर तयार. कॅल्क्युलेटर आणि पंचांग एका खोलीत, परस्परांची ओळख नसताना. सगळ्यात वाईट म्हणजे वर नेताना दिसणारे दोन शब्द, 'रिमूव्ह' आणि 'अनइन्स्टॉल', काही फोनांवर शेजारीशेजारी असतात. पहिल्याने आयकॉन फक्त होम स्क्रीनवरून जातो, दुसऱ्याने अ‍ॅपच घर सोडतं. पावसाळ्यात ओल्या बोटांनी हा खेळ अजिबात करू नये. काचेवरच्या थेंबालाही हा पडदा बोटच समजतो, मग आयकॉन तुम्ही ओढता एकीकडे आणि थेंब ओढतो दुसरीकडे.

यावरची युक्ती अशी: एका बोटाने आयकॉन धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पान सरकवायचं. कडेला नेऊन ताटकळणं नाही. आयफोनवर एक आयकॉन थोडा हलवून धरला आणि दुसऱ्या बोटाने बाकीच्यांवर टिचकी मारत गेलं की ते सगळे एका गठ्ठ्यात जमतात. पूर्ण बिऱ्हाड एका फेरीत हलतं.

जागा पुरेना की माणूस ग्रीडकडे, म्हणजे आयकॉनांच्या घरांच्या जाळीकडे वळतो. चार बाय पाचची घरं वीस, पाच बाय सहाची तीस. दहा घरांचा नफा बघून आनंद होतो, पण भिंती तिथेच असतात. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तशी ही पाचवी रांग बसते: बसते खरी, पण प्रत्येकजण आक्रसतो. आयकॉन लहान होतात, नावं 'एम-इंडि…' अशी मधेच तुटतात आणि हलत्या गाडीत अंगठा हमखास शेजारच्यावर पडतो. म्हणून मग परत चार बाय पाचवर यायचं, आणि तेव्हा कळतं की चौथ्या सीटवरच्याला उठवणं सोपं नसतं. जादाचे आयकॉन पुढच्या पानावर फेकले जातात, रुंद विजेट मावत नाहीत आणि रविवारची मेहनत तिथेच बुडते. ग्रीड आधी ठरवा, सामान नंतर लावा. रंग देण्याआधी कपाटं लावत नाही, तसंच.

विजेटचा मोह मला समजतो. हवामानाचं मोठं विजेट दिसतं छान, चार घरांची अख्खी ओळ खातं आणि बाहेर धो धो कोसळत असताना हसरा सूर्य दाखवतं. यात वेधशाळेचा दोष नाही. अँड्रॉइडच्या नेहमीच्या ठरल्या पद्धतीत विजेट स्वतःहून अर्ध्या तासाच्या आत पुन्हा ताजं होत नाही, आणि बॅटरी सेव्हर लावलेला असेल तर त्याहून आळशी. मुंबईच्या जुलैत अर्धा तास म्हणजे केवढा, हे पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला उभं राहिलेल्याला विचारा. घड्याळाचं विजेट मात्र जरूर ठेवा. त्यावर टिचकी मारली की सहसा घड्याळाचं अ‍ॅप उघडतं, म्हणजे गजराचा वेगळा आयकॉन नको. कॅमेऱ्यालाही जागा देऊ नका. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर पॉवरचं बटण दोनदा दाबलं की तो उघडतो, नसेल उघडत तर सेटिंगमध्ये चालू करून घ्या.

तळाची पट्टी, म्हणजे डॉक, ही खरी खिडकीची जागा. पान कुठलंही असो, ती हलत नाही आणि अंगठ्याच्या टप्प्यात असते. तिथे चार-पाचच मावतात. माझ्या मते फोन, व्हॉट्सअ‍ॅप, तिकिटाचं अ‍ॅप आणि लोकलचं वेळापत्रक दाखवणारं एम-इंडिकेटर. टीसी समोर उभा असताना तिसऱ्या पानावरच्या 'इतर' नावाच्या फोल्डरात तिकीट शोधणाऱ्याचा चेहरा आणि विनातिकीट माणसाचा चेहरा यांत फारसा फरक नसतो.

यूपीआयचं काय? त्याचं अख्खं अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवायचीच गरज नाही. आयकॉन दाबून धरला की छोटी यादी निघते, त्यात बहुधा 'स्कॅन' असतं. ती ओळच उचलून होम स्क्रीनवर ओढा. अँड्रॉइडवर तिचा स्वतंत्र आयकॉन होतो. वडापावच्या गाडीवर मागे सहा जण असताना अ‍ॅप उघडा, ऑफरची जाहिरात बंद करा, मग स्कॅनर शोधा, हा सोहळा वाचतो.

हौशी मंडळी याही पुढे जाऊन वेगळं लाँचर (म्हणजे होम स्क्रीन चालवणारं अ‍ॅप) आणि आयकॉन पॅक टाकतात. सगळे आयकॉन एका रंगाचे, एका गोलाईचे, अगदी बँडवाल्यांचा गणवेश. फक्त पॅक बनवणाऱ्याने आपली सहकारी बँक आणि आपलं वीजबिलाचं अ‍ॅप कधी पाहिलेलं नसतं. ते दोघे त्या गणवेशात घरच्या कपड्यांत उभे. वर, फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चाललेलं लाँचर बंद करते, म्हणून होमचं बटण दाबलं की क्षणभर नुसता वॉलपेपर दिसतो. त्या लाँचरला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या आणि मांडणीचा बॅकअप फोनबाहेर ठेवा.

उरली घरातली ज्येष्ठ मंडळी. "अरे, माझं व्हॉट्सअ‍ॅप गेलं बघ." "गेलं नाही आई, तुझ्या हातून फोल्डरमध्ये पडलं." "मी हातच नाही लावला!" हेही खरंच असतं, फोन पर्समध्ये चालू राहिलेला असतो. त्यांच्या फोनवर तीन गोष्टी कराव्यात. नवीन अ‍ॅप आपोआप होम स्क्रीनवर येण्याचा पर्याय बंद. अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'टच अँड होल्ड'चा वेळ लांब, म्हणजे सावकाश टेकलेलं बोट आयकॉन उचलणार नाही. आणि होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'लॉक लेआउट' चालू. मग कोणी आयकॉन ओढू गेलं की निरोप येतो, मांडणी लॉक केलेली आहे. काही फोनांत त्या निरोपाशेजारीच थेट सेटिंगमध्ये नेणारं बटणही असतं. म्हणजे दाराला कुलूप, आणि किल्ली त्याच कडीला लटकवलेली.