बोट माझं, हळद सासूबाईंची

आमच्याकडे किती कापलंय यापेक्षा कुणाचं कापलंय यावर ट्रीटमेंट ठरते. नवऱ्याला दाढी करताना हनुवटीवर एवढंस्सं खरचटलं, म्हणजे डास चावून जास्त रक्त निघेल इतकं, की घरभर धावपळ. तुरटी कुठाय, कापूस कुठाय, अगं पंखा लाव, बसू दे त्याला जरा. तो पण हनुवटी वर करून बसून राहतो आणि फोनवर बहिणीला विचारतो की टीटी घेऊ का. आणि माझं नारळ खवताना बोट विळीच्या दातांवर गेलं तर आतल्या खोलीतून पहिला प्रश्न काय येतो? "खोबऱ्यात नाही ना गं पडलं रक्त?"

मैत्रिणी म्हणतात विळी टाक आणि चॉपर घे. अगं घेतलाय की. पण कापणार नाही म्हणून आणलेल्या चॉपरची पाती धुताना जे कापतं ते विळीने कधी कापलं नव्हतं, आणि ते साबणाच्या पाण्यात कापतं म्हणून तिथेच उभ्या उभ्या चांदण्या दिसतात.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं एकदम सोप्पं आहे. वाहत्या नळाखाली साबणाने नीट धुवायचं, स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, दहा मिनिटं सलग, मधे उघडून बघायचं नाही, मग पट्टी. कडा उघड्या पडत असतील किंवा रक्त थांबतच नसेल तर टाके घालायला या. ठीक आहे, पण डॉक्टर, एक हात कापलेला आणि दुसरा तो दाबणारा, म्हणजे दहा मिनिटं माझे दोन्ही हात बाद, आणि नेमकं तेव्हाच दूध वर येतं, कुकर तिसरी शिट्टी देतो, बेल वाजते आणि कुरियरवाल्याला ओटीपी हवा असतो. गॅस कोपराने बंद करायला मी आता शिकलेय. घरात बाकीची माणसं असतात हो, पण त्यांना दूध उतू गेल्यावरच वास येतो.

तोपर्यंत सासूबाई मिसळणाचा डबा घेऊन हजर. हळद! चमच्याने नाही, चिमटीने, चांगली दाबून. परवा त्या हळदीत मोहरीचे दोन दाणे होते, म्हणजे फोडणी अर्धी झालीच होती, फक्त तेल तापवायचं बाकी. मी म्हटलं आई, ही स्वयंपाकाची हळद, उघड्या डब्यातली, जखमेत पावडर बसली की नंतर घासून काढावी लागते, आणि बोट लाल होतंय का ते पण पिवळ्याखाली दिसत नाही. यावर त्या थेट माशेलकरांवर जातात. अमेरिकेने १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट देऊन टाकलं होतं, मग शास्त्रज्ञ डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि वैद्यकीय लेख पुढे करून १९९७ ला ते रद्द करून घेतलं. हे सगळं खरं आहे, पण सासूबाई अशा काही सांगतात की वॉशिंग्टनला साक्ष द्यायला त्याच गेल्या होत्या. आणि मुद्दा तर हा होता ना की हळद लावतात हे नवीन नाही, मिसळणाच्या डब्यातलीच लावा असं कुठे म्हटलंय? पण एवढं बोलायला हात मोकळा लागतो.

हळद धुतली की सासरेबुवा कैलास जीवन घेऊन येतात. त्यांच्या मते ते भाजल्यावर, कापल्यावर, डोकं दुखल्यावर आणि क्रिकेटमध्ये भारत हरल्यावर चालतं. नंतर मुलगी पिवळट डाग पडलेली बीटाडीनची ट्यूब आणते, जिची एक्स्पायरी तिच्या शाळेच्या ॲडमिशनच्याही आधीची असावी. शेवटी "उघडं ठेव, हवा लागू दे, खपली धरेल" हे सगळे मिळून म्हणतात. खरं तर झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते हे विंटर नावाच्या माणसाने १९६२ मध्येच डुकरांवर प्रयोग करून दाखवलंय. हे मी एकदा जेवताना सांगितलं, तर डुकराचं नाव ताटावर का काढलं म्हणून वेगळं ऐकून घ्यावं लागलं.

मग उरते बँडेडची पट्टी. हिची गोष्ट मला फार आवडते. १९२० साली अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाच्या गृहस्थांची बायको जोसेफिन, नवीन लग्न झालेलं, स्वयंपाक करताना सारखं बोट कापायची नाहीतर भाजायची. तर या भल्या माणसाने काय केलं? चिकटपट्टीवर मधे मधे गॉजच्या घड्या लावून ठेवल्या, तिला एकटीला, एका हाताने लावता यावं म्हणून. कंपनीने पुढे प्रॉडक्ट काढलं, तो मोठ्या पदावर गेला, जगाचं भलं झालं. पण बायकोचं रोज कापतंय तर आज भाजी मी चिरतो असं काही त्याला सुचल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. आणि पट्टी तिला *एकटीला* लावता यावी, म्हणजे याला उठायला पण नको!

बरं, ती पट्टी टिकते किती? बोटाच्या पेरावर तर भांडी घासेपर्यंतच. हॉटेलांच्या किचनमध्ये म्हणे मुद्दाम निळ्या पट्ट्या वापरतात, कारण निळा पदार्थ सहसा नसतो, पडली तर चटकन दिसते. आपल्या पट्ट्या मात्र गव्हाळ रंगाच्या आणि आपल्याकडे मळायची असते गव्हाचीच कणीक. परवा कणीक मळून झाली, तेलाचा हात फिरवला, आणि बघते तर बोट मोकळं! परात उलटी केली, गोळा फोडला, प्रत्येक लाटी दाबून दाबून तपासली, मुलगी टॉर्च धरून उभी. शेवटी पट्टी निघाली तेलाच्या बाटलीला मागून चिकटलेली. तरी कणीक टाकून दिली आणि पुन्हा मळायची म्हणून नवऱ्याकडे पाहिलं.

"मळली असती गं मी," तो म्हणाला, "पण बघतेस ना, हनुवटी."