एमसीबी पडला नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे, असं नाही

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : इलेक्ट्रिक मोटरसायकलचा चार्जर गिझरच्या निम्माही लोड घेत नाही, तरी मी स्वतंत्र अडीचची (२.५ चौरस मिलिमीटरची) वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) सांगून लोकांना घाबरवतो, तुम्ही अख्खा उन्हाळा कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डावर गाडी चार्ज केली आणि एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच) एकदाही पडला नाही.

लोडचं गणित बरोबर आहे. ९०० वॅटचा चार्जर २३० व्होल्टवर जेमतेम ४ अँपिअर घेतो. पण गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो. चार्जर चार-पाच तास सलग चालतो, तोही बहुधा रात्री, घर झोपलेलं असताना. बोर्डातला स्क्रू सैल असेल, पिन काळवंडली असेल, तर तेवढ्याच जागी रेझिस्टन्स वाढतो. समजा तो १ ओहम झाला. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे १६ वॅट उष्णता, हरभऱ्याएवढ्या जागेत, तासन्‌तास. एमसीबीला दिसतात ४ अँपिअरच, मग तो कशाला पडेल? प्लास्टिक मऊ होतं, सॉकेटातली पिन धरणारी पत्ती आणखी ढिली पडते, उष्णता आणखी वाढते. हे आरसीसीबीलाही कळत नाही. म्हणूनच मी सॉकेट आणि जोडणीवर अडून बसतो.

त्यात आपल्या नागपूरचा मे. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश. बाहेर ४५ असताना पश्चिमेची भिंत किंवा पार्किंगवरचा पत्रा त्याहून कितीतरी तापलेला असतो. वायरला सोसायला उरतं किती?

'तिसरी (अर्थिंगची) पिन नसली तरी गाडी चार्ज होते,' असंही तुम्ही लिहिलंत. होते. पण चार्जरच्या आत फेज, म्हणजे करंटची वायर, बॉडीला टेकला, तर अर्थिंग असल्यावर आरसीसीबी तिथल्या तिथे पडतो. नसल्यावर कुणाचा तरी हात लागेपर्यंत पडत नाही. तो हात तुमच्या घरातल्या लेकराचा असू शकतो, आणि हे मी घाबरवायला लिहीत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंग कमजोर होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

स्वतंत्र लाइन लगेच जमत नसेल, तर तोवर एक्स्टेंशन बोर्ड सोडून भिंतीतल्या चांगल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावा, शक्यतो तुम्ही जागे असताना. तासाभराने कोरड्या हाताची मागची बाजू प्लग टॉपला लावून बघा. चटका बसला तर प्लग ओढू नका, आधी एमसीबी बंद करा, आणि सॉकेट बदलल्याशिवाय तिथे पुन्हा गाडी लावू नका.